विपणनाची सूत्रे आणि अंकुशच्या छिन्न्या

८ जून

ही वही वास्तविक डायच्या नोंदींसाठी आणली होती. नोंदण्यासारखी एकही डाय या आठवड्यात झाली नाही, सबब वहीचे दैनंदिनीत रूपांतर करण्यात येत आहे. प्रस्ताव मांडणारा मी, अनुमोदन देणारा मी. ठराव एकमताने संमत.

भावी चरित्रकाराच्या सोयीसाठी पार्श्वभूमी. ज्ञानेश, वय वर्षे चौपन्न, अविवाहित, मुक्काम तारापूर. पालघरच्या महाविद्यालयात दोन वर्षे संस्कृत शिकलो. तिसऱ्या वर्षी वडिलांनी हातात छिन्नी दिली. व्यवसाय डायमेकर. म्हणजे पोलादाच्या ठोकळ्यात खोल आणि उलटी नक्षी कोरणे. सोनार त्यावर सोन्याचा पत्रा ठेवून घाव घालतो आणि पत्र्यावर कोयरी उठते. पाहणारे कोयरीचे कौतुक करतात, फार तर सोनाराचे. ठोकळ्याची चौकशी आजवर कोणी केलेली नाही. आता हेच काम संगणकावर चालणारे यंत्र करते. त्याला चहा लागत नाही.

१ जूनपासून समोरची बैठक रिकामी आहे. तेथे अंकुश बसत असे. शेजारच्या दांडी गावातल्या कोळ्याचा मुलगा. होडीत पाय ठेवला की पोटातले बाहेर येई, म्हणून त्याच्या बापाने त्याला माझ्या वडिलांकडे आणून बसवले. तो सव्वीस वर्षे बसला. जाताना म्हणाला, "शास्त्री, दोघांना पुरल इतका काम नाय हाय. तू एकटा खा." बोईसरच्या एका यंत्रवाल्या कारखान्यात लागला आहे.

आमच्या वडिलांनी घालून दिलेला रिवाज असा: प्रत्येकाने आपल्या छिन्न्या आपणच घडवायच्या. कोणी जागा सोडली, तरी त्या दसऱ्यापर्यंत बैठकीवर राहायच्या. दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली की ज्याने त्याने न्यायच्या. नेल्या, तर संबंध संपला. नाही नेल्या, तर जागा त्याची.

अंकुशच्या सतरा छिन्न्या खाकी फडक्यात समोर पडून आहेत. दसरा २ ऑक्टोबरला. तोपर्यंत दोघांना पुरेल इतके काम आंतरजालावरून मिळवायचे, असे मी ठरवले आहे. उद्देश: व्यवसायवृद्धी.

१६ जून

पालघरला जाऊन आलो. एका मंगल कार्यालयात छोट्या उद्योजकांसाठी ऑनलाइन मार्केटिंगचे एक दिवसाचे शिबिर होते. उपस्थिती: लोणचीवाल्या सात, केकवाल्या पाच, मेंदीवाली एक, साबणवाला एक, पोलाद मी. मार्गदर्शिका भाविका, बेटेगावची, पस्तिशीची. लहान मुलांची झबली घरी शिवून देशभर पाठवते. आवाज असा की ध्वनिक्षेपकाने रजा घ्यावी.

"काका, तुमचं प्रॉडक्ट काय?"

मी उभा राहिलो. "सुवर्णालंकारांच्या निर्मितीस आधारभूत असे पोलादी उत्कीर्ण साचे."

"म्हणजे?"

"डाय."

"मग डाय म्हणा ना. अर्धं गिऱ्हाईक पहिल्या वाक्यातच उठून गेलं तुमचं."

लोणचे विभाग सामुदायिक हसला.

तिचे पहिले सूत्र मात्र उतरवून घेण्यासारखे होते. सगळ्यांसाठी लिहिलेले कोणीच वाचत नाही. "डोळ्यांसमोर एक माणूस आणा. खराखुरा. तो कशावर हसतो, कशावर अडतो, त्याला काय पटत नाही, हे माहीत असलेला. आणि त्याच्याशी बोलल्यासारखं लिहा." बाकी मंडळी बराच वेळ छताकडे पाहून माणूस शोधत होती. मला वेळ लागला नाही.

येताना स्थानकाबाहेर सवयीने दोन वडापाव घेतले. दुसरा घरी येऊन सायंकाळी खाल्ला. गार वडापावाच्या रसास्वादाविषयी प्राचीनांनी मौन पाळले आहे.

२२ जून

भ्रमणध्वनीवर दुकान उघडले. छायाचित्रे काढली. मेजावरचा दिवा ठोकळ्याच्या पायथ्याशी ठेवला, म्हणजे सावल्या खोल पडतात. पहिली वस्तू, कोयरी. वर्णन सूत्रानुसार लिहिले:

"देठाशी वळणारी ही शीर मारताना छिन्नी आडवी धरावी लागते, हे तुला ठाऊकच आहे. गेल्या दिवाळीत तू म्हणालास, वळण उथळ झाले. तसे नाही. पुन्हा नीट बघ."

तासाभरात भाविकाचा दूरध्वनी. "काका, गिऱ्हाइकाला अरे-तुरे?"

"बोलल्यासारखे लिहा, असे आपणच म्हणालात."

"हो, पण दिवाळीत गिऱ्हाईक कधी आलं होतं तुमच्याकडे?"

मुद्दा ग्राह्य होता. 'तू'च्या जागी 'आपण' केले. आशयाला हात लावला नाही.

३० जून

दुसरे सूत्र, सातत्य. रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर एक छायाचित्र लावतो. पाहणारे सरासरी अकरा. पैकी एक मेंदीवाली, एक विमावाला, एक कोण ते कळत नाही, आणि रोज सहा वाजून दहा मिनिटांनी, न चुकता, अंकुश. प्रतिस्पर्ध्याच्या हालचालींवर तो बारीक लक्ष ठेवून आहे.

हल्ली त्याला टंकलेखनाचाही आळस जडला आहे. काहीही विचारा, आवाजाचा संदेश येतो, मागे मासळीवाल्यांचा कलकलाट. आजचा संदेश: "शास्त्री, तुजा दिवा चुकला. वरून धर." मी लिहून कळवले की दिव्याच्या बाबतीत मला कोणाच्या उपदेशाची गरज नाही.

५ जुलै

ऑर्डर. एक नव्हे, तीन. सिन्नर, सातारा, परभणी. तिन्ही कोयऱ्या. मी दार लावून घेतले आणि खोलीत दोन फेऱ्या मारल्या. पाहायला कोणी नव्हते. एरवी मारल्या नसत्या.

टपाल कार्यालयातील कारकुनाने खोका उचलून विचारले, "ह्याच्यात काय, लोखंड?" मी म्हणालो, "कला." तो म्हणाला, "वजन तर लोखंडाचंच लागेल."

अंकुशला पावत्यांचे छायाचित्र पाठवले. प्रत्युत्तर: "बरा झाला. काय लिवलाय त्याच्यावर? वाचून सांग." मोठ्या ठळक अक्षरात सिन्नर लिहिले आहे आणि हा वाचून सांग म्हणतो. मत्सर माणसाला निरक्षर करतो. तरी वाचून, मोठ्याने, आवाजाचा संदेश पाठवला.

१३ जुलै

अभिप्राय आले. परभणी, एक तारा: "फोटोत सुंदर पेंडंट होतं. डिझाइन वर उठलेलं दिसत होतं. आला लोखंडाचा ठोकळा, त्यात खड्डा. फसवणूक." सातारा, एक तारा: "पायावर पडला."

सिन्नर अद्याप गप्प.

नक्षी वर उठलेली? खोल नक्षी कोणाला वर उठलेली दिसेल? भाविकाला विचारले.

"काका, खरं सांगू? मलापण ते पदकच वाटलं होतं. म्हटलं, नमुना टाकला असेल."

तिचे सूत्र, वाईट अभिप्रायालाही सर्वांसमक्ष नम्र उत्तर द्यावे. मी लिहिले: "महोदय, आपण ज्यास खड्डा म्हणता, त्यातच आपल्या अपेक्षित अलंकाराचे गर्भवास्तव्य आहे." तिने ते काढायला लावले आणि तेथे "माफ करा, पैसे परत पाठवतो" असे लिहवले. शैली म्हणून काही उरले नाही.

१४ जुलै

आज प्रयोग केला. भ्रमणध्वनी मधल्या मेजावर आडवा ठेवला आणि कोयरीचे छायाचित्र लावून दोन्ही बाजूंनी निरीक्षण करण्याचे ठरवले. त्यासाठी अंकुशच्या बैठकीवर बसावे लागले. सव्वीस वर्षांत तेथे कधी बसलो नव्हतो. बसता बसता कपाळ त्याच्या दिव्यावर आपटले. एवढ्या खाली ओढून ठेवला आहे, की मेजाचे लाकूड दिव्याखाली भाजून काळे पडले आहे. विजेचा अपव्यय.

तेथून पाहिले, तर खड्डा तो खड्डाच. परत माझ्या जागी आलो, पाहिले, आणि कोयरी एकदम वर आली. पदकासारखी. डोळे मिटून उघडले, तरी वरच. उजेड खालून आला की पाहणाऱ्याचा डोळा खोलाला उंच समजतो. आमचा डोळा तीस वर्षे खोलच पाहत आलेला. त्याला खोलच दिसणार. जगाला काय दिसते आहे, हे विचारायचे आम्हाला सुचलेच नाही.

अंकुश म्हणाला होता, वरून धर. हे त्याला कळवले नाही.

२१ जुलै

सिन्नर बोलले. भावना नावाच्या बाई, पेढे करून विकतात. तक्रार नाही. त्यांनी ठोकळा उकळत्या पाण्यात धुतला, तूप लावले आणि त्यात खव्याचा गोळा दाबला. सोबत छायाचित्र: पेढ्यावर कोयरी.

"दादा, नक्षी छान येते, पण रेघा फार बारीक, खवा अडकतो. बोटभर रुंद आणि चांगल्या खोल रेघांचा पितळी ठसा करून द्याल का? चांगला झाला, तर आमच्या गटातल्या सगळ्या घेतील. सहज वर्षभराचं काम निघेल."

खवा! ज्या हातांनी सुवर्णाला आकार दिला, त्यांनी दुधाच्या आटलेल्या अवशेषांची सेवा करावी? सविनय नकार कळवला. केसासारखी रेघ मारणे हे आमच्या घराण्याचे वैशिष्ट्य आहे, बोटभर रेघ शेतातही मारता येते, असे लिहिले.

भाविका म्हणाली, "काका, गिऱ्हाईक स्वतःहून सांगतंय काय पाहिजे, आणि तुम्ही त्याला तुमचं घराणं सांगता?"

५ ऑगस्ट

बोईसरला गेलो. अन्य कामानिमित्त. काम कोणते, ते आता आठवत नाही.

अंकुशचा कारखाना औद्योगिक वसाहतीत आत आहे. जेवणाची सुटी व्हायची होती, म्हणून दारातून पाहिले. त्याच्यापुढे यंत्रातून निघालेले सुटे भाग ढिगाने होते. तो प्रत्येक उचली, कडेवरून अंगठा फिरवी आणि डावीकडे किंवा उजवीकडे टाकी. मान वर, नजर भिंतीवर. गुणवत्ता नियंत्रण! आल्या आल्या बढती. शेजारचा कामगार त्याला म्हणाला, "चाचा, वो नहीं, लाल वाला क्रेट. अरे, इधर, मेरे हाथ पे." गोंगाटात लक्ष विचलित होत असावे.

चहा घेतला. मी म्हणालो, "तीन ऑर्डरी आल्या."

"न् तिन्ही परत गेल्या."

"दोन. तुला कोणी सांगितले?"

"पोरगी वाचून दाखवते तुजा दुकान. खड्ड्याचा ऐकून नवसी अशी हसली, भाकरी करपली." नवसी त्याची बायको. सव्वीस वर्षे तिच्या डब्यात एक भाकरी माझ्या नावाची असे. सध्या मी खिचडीच्या सहाव्या पुनरावृत्तीवर आहे.

"दिवाळीपर्यंत काम वाढेल," मी म्हणालो. "तू नक्षीतल्या बारीक शिरा मारायचे टाळत असायचास. ते आता चालणार नाही. अर्धे-अर्धे करू."

तो कपाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "तुजा हात हलका, शास्त्री. शिरा तुज्याच." नेहमीची खुशामत.

टेबलावर बिल आले. त्याने ते उचलून माझ्याकडे सरकवले. "बग किती झाला. चष्मा घरी र्‍हायला." त्याच्याकडे चष्मा आहे, हे मला ठाऊक नव्हते.

निघताना म्हणाला, "दसऱ्याला येतां. छिन्न्या घेऊन जातां. उगाच तुजी जागा कशाला अडवायची?"

परतीच्या रिक्षात दोघांची जागा होती. रिक्षावाला तिसरा प्रवासी मिळेपर्यंत थांबला. मला घाई नव्हती.

१७ ऑगस्ट

पैसे भरून जाहिरात दिली. पाच दिवस चालली. आज भाविकाने तिचा अहवाल उघडून पाहिला.

"काका, ही चौदा माणसांना दिसली."

"निवडक वाचकवर्ग."

"तुम्ही परीघ बोईसर ते दांडी ठेवलाय. वय पन्नास ते पंचावन्न. फक्त पुरुष. आवड, धातुकाम." मग आवाज उतरवून म्हणाली, "काका, ज्याला दाखवायची आहे, त्याचा नंबर नाही का तुमच्याकडे?"

मी म्हणालो, ही केवळ चाचणी होती.

१ सप्टेंबर

गौरी जेवायच्या दिवशी नवसी टोपली घेऊन आली. "भाऊजी, वर करंज्या हायत. खालचा डबा गणपती गेल्यावर उगडा, सुक्या बोंबलाची चटणी हाय." अंकुशच्या बैठकीवरची धूळ तिने पदराने पुसली. छिन्न्यांच्या फडक्याला हात लावला, उचलले नाही. "त्यांना सांगू नका मी बसली होती."

"का?"

"असाच." मग उंबऱ्यात थांबून, "तुमी भांडला का नाय त्यांच्याशी? जाताना? जरा भांडला असता तर बरा झाला असता."

मी म्हणालो, भांडणाचे सबळ कारण उपलब्ध नव्हते. ती गेली. चटणी आजच उघडली. गणपतीची क्षमा मागितली.

११ सप्टेंबर

भाविकाचे नवे सूत्र: जवळून छायाचित्र घ्या, कारागिरी दिसू द्या. तिने जवळचे मोठे करून दाखवणारे एक छोटे भिंग विकत घ्यायला लावले. ते भ्रमणध्वनीच्या डोळ्यावर बसते. आज आरंभ अंकुशच्या मोरापासून केला. मार्चमध्ये केलेला, त्याची येथली शेवटची डाय. गिऱ्हाइकाने नेली नव्हती, म्हणून शिल्लक होती.

पिसाऱ्यात जेथे एक रेघ हवी, तेथे दोन आहेत. दुसरी पहिलीला शोधत गेलेली. काही ठिकाणी छिन्नी घसरली आहे आणि ते पुसण्यासाठी इतके घासले आहे, की पिसाचा डोळाच सपाट झाला. नुसत्या नजरेला दिसत नाही. पडद्यावर हातभर दिसते.

मी अशाच न नेलेल्यांतून त्याची जानेवारीची डाय काढली. तेच. गेल्या वर्षीची. तेच, थोडे कमी. तीन वर्षांपूर्वीचा मोगरा स्वच्छ, एक कळी इकडची तिकडे नाही.

या दैनंदिनीची मागील पृष्ठे चाळली. आवाजाचे संदेश: आळस, अशी नोंद. पावती वाचून सांग: मत्सर. खाली ओढलेला दिवा: विजेचा अपव्यय. अंगठ्याने तपासणे: बढती. शिरा तुज्याच: खुशामत. या सर्व नोंदी माझ्या हस्ताक्षरात आहेत, आणि हस्ताक्षर उत्तम आहे.

काम कमी झाले म्हणून तो गेला नाही. त्याने मला दिसू दिले नाही आणि तीन हातांच्या अंतरावर बसून मी पाहिले नाही. दोघांपैकी अंधत्वाचा दाखला एकालाच मिळेल.

१२ सप्टेंबर

काही घडले नाही. बैठक पुसली.

१४ सप्टेंबर

भावनाबाईंना पत्र लिहिले. पूर्वीचा नकार मागे घेत आहे. घराण्याविषयी लिहिलेला मजकूर दुर्लक्षावा. नमुन्याचा ठसा आठवड्यात पाठवतो. बोटभर रुंद, खोल रेघ. अंगठ्याला कळेल अशी. हे शेवटचे वाक्य पत्रात नाही, येथेच आहे.

पालघरहून पितळेचे ठोकळे आणले. मीच आधी एक करून पाहणार. अंकुशला काही विचारायचे, तर काम हातात हवे. आणि विचारणार तरी काय? तुझे डोळे कसे आहेत? सव्वीस वर्षांत आम्ही एकमेकांना असे काही विचारलेले नाही. तो म्हणे, चहा? मी म्हणे, चालेल. एवढ्यात सर्व येत असे.

२४ सप्टेंबर

ठसा नापास. भावनाबाईंचा अभिप्राय, सौम्य शब्दांत: "दादा, रेघ रुंद आहे, पण हात घाबरल्यासारखा वाटतो. कुठे खोल, कुठे वर. खवा नीट सुटत नाही."

खरे आहे. केसाएवढ्या रेघेला मनगट पुरते. बोटभर रेघेला खांदा लागतो आणि खांद्याचे काम मी आयुष्यात केलेले नाही. घाव मोठा पडेल या भीतीने मी दर वेळी अलीकडेच थांबतो. दुसरा केला. तोही तसाच. हे काम मला जमत नाही, असे अंकुशपुढे ढोंग करावे लागेल, अशी मी तयारी केली होती. त्याची गरज उरली नाही, हा एक अनपेक्षित लाभ.

२ ऑक्टोबर

दसरा.

अंकुश अकरा वाजता आला. दारात चौकटीला हात लावून क्षणभर थांबला, मग आत. हातात रिकामी कापडी पिशवी. मी ती पाहिली आणि झेंडू मोजू लागलो.

दोन्ही बैठकींची पूजा केली. माझ्या छिन्न्यांना हळद, त्याच्या फडक्याला हळद. त्याने आपट्याचे पान दिले. "सोना घे, शास्त्री. आता तुज्याकडं तोच येत नाय."

"आता खवा येतो," मी म्हणालो आणि माझा दुसरा ठसा त्याच्यापुढे ठेवला.

त्याने तो पाहिला नाही. अंगठा आत घातला आणि कोयरीच्या कडेने फिरवला. एकदा. मग उलट.

"ह्या कोणी मारला?"

"मी."

"कोंबडी चाललीय ह्याच्यावर."

"सिन्नरच्या बाईंचे मत साधारण तेच आहे. पेढ्याचे ठसे हवेत त्यांना, वर्षभराचे काम. मला बारीक सोडून काही येत नाही."

तो अंगठा फिरवत राहिला. देठापाशी, जेथे शीर वळते, तेथे थांबला. बाहेर कोणाच्या तरी गाडीची पूजा चालली होती, भोंगा वाजत होता. तो थांबल्यावर अंकुशने ठसा खाली ठेवला.

"पोरगी सांगत होती, तू आता अगदी जवळून फोटो काढतस."

"काढतो."

"मोराचा काढलास?"

माझ्याकडे संस्कृत भरपूर होते. त्यातले काही कामास आले नाही. "काढला," मी म्हणालो. "भिंग अस्वच्छ होते. काही दिसले नाही."

तो हसला. दात दाखवून नव्हे, नुसता नाकातून. "पुसून घे भिंग," म्हणाला.

मग खाली बसला. दिवा लावला नाही. माझाच ठसा गुडघ्यांत धरला, फडके सोडले, न बघता एक रुंद छिन्नी उचलली आणि अंगठा रेघेत ठेवून त्याच्या मागोमाग घाव घालत गेला. खांद्यातून. मी समोर माझ्या जागी बसलो. हाताशी काम नव्हते, तरी एक छिन्नी घेऊन ती घासत राहिलो. दुपारी एक वाजेपर्यंत दोन बैठकींचा आवाज होता.

कोयरी झाली. मेण दाबून पाहिले. देठाचे वळण उथळ नव्हते.

"उद्यापासून येतोस?" मी विचारले. विचारायचे नाही असे ठरवले होते.

"नाय रे." पिशवी उघडली. "आता सकाळच्या बसची पाटी नाय दिसत. नवसी सोडल न् आणल, तर तिचा बाजार कोण करल? न् त्या कारखान्यातपण दिवाळीनंतर नाय जाणार. घरीच मारीन, ओटीवर. पितळ दे पाठवून." फडक्यातून त्याने अंगठ्याने चाचपून चार रुंद छिन्न्या वेगळ्या केल्या, पितळेच्या तीन ठोकळ्यांसह पिशवीत टाकल्या. उरलेल्या तेरा, बारीक, फडक्यात परत गुंडाळल्या.

"आणि या?"

"माज्याकडं गंजतील."

नाक्यापर्यंत सोडायला गेलो. रिक्षात बसवताना त्याने माझा दंड धरला. रस्ता खराब आहे, म्हणाला. रस्ता मागच्याच महिन्यात झाला आहे.

९ ऑक्टोबर

नवसी बाजाराला जाताना पहिला ठसा देऊन गेली. वर्तमानपत्रात गुंडाळलेला, वर डबा. भावनाबाईंना छायाचित्र पाठवले, दिवा वरून धरून. त्यांनी बारा मागवले. भाविकाला कळवले, ती म्हणाली, "बघा काका, गिऱ्हाइकाचं ऐकलं की होतं." मी म्हणालो, होय, ग्राहक राजा आहे. तिला पुरेसे वाटले.

विपणनपद्धतीत एक बदल. यापुढे रोजचे वर्णन लिहून लावणार नाही, बोलून लावणार. आज सकाळी पहिले बोललो: "कोयरी, पितळी. देठाचे वळण खोल, उजवीकडे अंगठ्याच्या पेराएवढे. दांडीचे काम." सहा वाजून दहा मिनिटांनी अंकुशने ऐकले. उत्तर: "वलण डावीकडं हाय, शास्त्री." तपासले. छापावर उजवीकडे येते, ठशात डावीकडे. तो ठशातले सांगत होता.

समोर तेरा छिन्न्या आहेत. वडिलांच्या रिवाजात नेलेल्या हत्यारांविषयी तरतूद आहे, न नेलेल्यांविषयीही आहे. काही नेली आणि काही ठेवली, तर काय, याविषयी नाही. वडील हयात नसल्याने अर्थ लावण्याचा अधिकार माझ्याकडे येतो. पूर्ण विचारांती निर्णय देण्यात येत आहे, की जागा त्याचीच आहे. दिवाही तेथेच, तेवढ्याच उंचीवर राहील.

डब्यात दोन भाकऱ्या होत्या. दोन्ही माझ्याच आहेत, हे डबा रिकामा झाल्यावर लक्षात आले. तोवर मी एक बाजूला काढून ठेवली होती.